गूळ, इन्युलिन, इसबगोल, डिंक... सगळं वनस्पतीतलंच, मग शुगरवाल्यांनी नेमकं काय घ्यायचं?

तालुक्याच्या मेडिकल दुकानात आणि आता मोठ्या किराणा दुकानातही डब्यांची एक वेगळीच फळी दिसायला लागली आहे. ‘नैसर्गिक’, ‘वनस्पतीजन्य’, ‘साखर नाही’ असं हिरव्या अक्षरात छापलेलं असतं. कुठं चिकोरीचं इन्युलिन, कुठं चवीचा इसबगोल, कुठं ॲगेव्ह सिरप, तर कुठं सेंद्रिय गुळाची पावडर. दर विचारला की माणूस दोन पावलं मागं सरतो. पण ज्याच्या घरात शुगरचा पेशंट आहे तो परत फिरून येतो आणि विचारतो, यातलं चालतं कोणतं?

आणि शुगर नाही असं घर आता वाडीवस्तीवर शोधावं लागतं. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे. डब्यावर वनस्पतीचं नाव आणि पानाचं चित्र आहे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. ऊसही वनस्पतीच आहे. मका, कांदा, गवार, चिंच, बाभूळ, सगळ्या वनस्पतीच. त्यातून निघणारा पदार्थ आपल्या पोटात गेल्यावर तुटतो का, आणि तुटला तर किती लवकर, यावर सगळा खेळ आहे.

माळ कुठं तुटते?

साखर म्हणजे रसायनाच्या भाषेत लहान लहान मणी समजा. ग्लुकोज हा एक मणी, फ्रुक्टोज हा दुसरा. आपली चहातली साखर म्हणजे या दोन मण्यांची जोडी. असे शेकडो-हजारो मणी एकामागे एक ओवले की लांबलचक माळ होते, तिला पॉलिसॅकराइड म्हणतात. मराठी पुस्तकात ‘बहुशर्करा’ असा शब्द सापडतो, पण बोलताना तो कोणी वापरत नाही.

आपल्या पाचक रसांकडं ठरावीक कात्र्या आहेत. साखरेची जोडी कापायची कात्री आहे, म्हणून साखर पटकन तुटून रक्तात जाते. स्टार्चची, म्हणजे भात-भाकरी-बटाट्यातल्या पिठूळ भागाची, माळ कापायचीही कात्री आहे. ती लाळेतच सुरू होते. म्हणून कोरडी भाकरी बराच वेळ चावली की तोंडात गोड लागते. पण कांद्यातली, इसबगोलातली, गवारीच्या बियातली माळ वेगळ्या गाठीनं बांधलेली असते. त्या गाठीची कात्री माणसाच्या शरीरात नाहीच. ती माळ तशीच्या तशी मोठ्या आतड्यापर्यंत जाते. यालाच आपण फायबर किंवा तंतुमय पदार्थ म्हणतो.

म्हणजे स्टार्चही पॉलिसॅकराइड आणि इसबगोलही पॉलिसॅकराइड. नाव एक, पण एक रक्तात जातं आणि दुसरं जात नाही. डबेवाले नेमका इथंच घोळ घालतात.

गुळाबद्दल कडू बोलावं लागतंय

मी स्वतः ऊस लावतो, त्यामुळं गुळाच्या विरोधात बोलायला मला काही हौस नाही. पण ‘शुगर आहे म्हणून साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो’ असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात, आणि त्यातले काही जण या भरवशावर दोन कप जास्त घेतात. हे धोक्याचं आहे.

गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात बहुतेक सगळी तीच साखर असते, जोडीला थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, आणि थोडी खनिजं. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर गुळात साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे. फरक आहे तो मुख्यतः पाण्याचा आणि खनिजांचा. रक्तातली साखर गुळानंही चढते. सेंद्रिय गुळानंही चढते. काकवीनं आणि खांडसरीनंही चढते. मधातले मणी तर आधीच सुटे झालेले असतात.

‘पण गुळात लोह असतं ना?’ असतं. शंभर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम, आणि लोखंडी काहील असेल तर थोडं वाढतंही. पण माणूस एका वेळी गूळ खातो दहा ग्रॅम. त्यातून मिळतं अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह पाहिजे असं आयसीएमआरचं २०२० चं कोष्टक सांगतं. ते सगळं गुळातून घ्यायचं म्हटलं तर रोज अर्ध्या किलोच्या वर गूळ खावा लागेल. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला नुसता गूळ-शेंगदाण्यावर ठेवणं आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या फळीवर ठेवून देणं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. ते थांबायला पाहिजे. गूळ चवीला खा, सणाला खा, ज्याला शुगर नाही त्यानं बेतानं खा. औषध म्हणून खाऊ नका.

बेतानं म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं आहे की वरून घातलेली साखर, मध, काकवी, फळांचा रस हे सगळं धरून दिवसाच्या एकूण उर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवलं तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम पडतं. आता हिशोब करा. एक चहाचा चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, की झाले चाळीस-पन्नास ग्रॅम. कांदा काढणीच्या दिवसांत तर चहाला मोजमापच नसतं.

जाता जाता एक गंमत सांगतो. गुऱ्हाळावर रस आटवताना त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, तुम्ही बघितलंच असेल. तो चिक म्हणजे पॉलिसॅकराइडच. तो मळी धरून वर आणतो आणि आपण ती झाऱ्यानं काढून टाकतो. म्हणजे एकाच काहिलीत साखरही असते आणि तिची न तुटणारी चुलत बहीणही. बहिणीला आपण बाहेर काढतो आणि साखर तेवढी ठेवतो.

घायपात आणि मका : माळ कापून विकायचा धंदा

ॲगेव्ह सिरप हे नाव परदेशी वाटतं, पण ॲगेव्ह म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचं कुळ. सिरपचं घायपात मेक्सिकोचं, ज्यापासून तिकडं टकीला दारू करतात ते. त्याच्या गड्ड्यात फ्रुक्टोजच्या माळा भरलेल्या असतात. त्या आहेत तशा खाल्ल्या तर फायबर. पण सिरप करताना उष्णता देऊन किंवा एन्झाइम घालून त्या माळा तोडतात, आणि उरतं ते बहुतांश फ्रुक्टोज. ते रक्तातलं ग्लुकोज लगेच वाढवत नाही, म्हणून ‘शुगरवाल्यांसाठी’ असं विकतात. पण फ्रुक्टोजचा भार यकृतावर पडतो, आणि प्रमाणाबाहेर गेलं तर तिथं त्याची चरबी होते. झाड तेच, गड्डा तोच, पण माळ शाबूत असेल तर एक परिणाम आणि कापली तर दुसराच.

मक्याचं याच्याहून पुढचं आहे. मक्याच्या किंवा साबुदाण्याच्या कंदाच्या स्टार्चची माळ अर्धवट कापली की माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पांढरी पावडर होते. चवीला जवळपास सपक. रसायनाच्या हिशोबानं ती ‘साखर’ नाही, त्यामुळं पाकिटावर साखरेच्या रकान्यात ती दिसतच नाही. पण पोटात गेल्यावर ती ग्लुकोजइतकीच झपाट्यानं रक्तात उतरते. प्रोटीन पावडर, सरबताची पाकिटं, स्वीटनरच्या पुड्या, आजाऱ्याला द्यायची पौष्टिक पावडर, अशा बऱ्याच ठिकाणी ती भर म्हणून असते. तेव्हा पाकीट हातात घेतलं की पुढची बाजू बघू नका, मागची बघा. ‘टोटल शुगर्स’ शून्य असेल, पण त्याच्या वरच्या ओळीत ‘कार्बोहायड्रेट’ ७०-८० ग्रॅम असेल आणि फायबर नावाला असेल, तर ते बाकीचं कार्बोहायड्रेट म्हणजे मैदा, स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. साखर नसलेली बिस्किटं बहुतेक वेळा याच जातीची.

कायद्यानं ‘शुगर फ्री’ लिहायला शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. पण कायदा साखरेपुरता बोलतो, स्टार्चबद्दल नाही. फायबरचं बघायचं तर ‘फायबरचा स्रोत’ म्हणायला शंभर ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम आणि ‘भरपूर फायबर’ म्हणायला किमान ६ ग्रॅम लागतात. हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी दुकानात उभं राहून निम्मा निर्णय घेता येतो.

कांद्यातलं इन्युलिन

डब्यातलं इन्युलिन येतं बहुतेक चिकोरीच्या मुळातून. चिकोरी म्हणजे कॉफीत घालतात तीच. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिचं पीक होतं. ओल्या मुळात साधारण १५ ते २० टक्के इन्युलिन असतं, म्हणून कारखान्याला ती परवडते. पण इन्युलिनच्या भाऊबंद माळा आपल्या कांद्यात आणि लसणातही असतात. कांद्यात शंभर ग्रॅममागे साधारण एक ग्रॅमपासून सात-आठ ग्रॅमपर्यंत, जातीप्रमाणं कमीजास्त. लसणात त्याहून जास्त, पण लसूण खाणार किती? ज्या कांद्यात घट्टपणा जास्त, म्हणजे वाळवणाला चालणारा पांढरा कांदा, त्यात या माळा जास्त असतात.

चाळीत कांदा ठेवणाऱ्यांना यातली एक गोष्ट नक्की आवडेल. कांदा या माळा स्वतःसाठी साठवतो, पुढच्या कोंबासाठी. चाळीत महिने गेले आणि कोंब हलायला लागला की कांदा स्वतःच त्या माळा तोडून साखर मोकळी करतो. तेव्हा फायबरच्या हिशोबानं ताजा कांदा कोंब फुटलेल्यापेक्षा बरा. बाजारभावाच्या हिशोबानं कधी विकायचा, ते तुमचं तुम्ही बघा.

या माळा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या खातात. त्यातून काही आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात. पोट साफ व्हायला मदत होते. चिकोरीचं इन्युलिन रोज १२ ग्रॅम घेतलं तर शौचाला फायदा होतो, एवढा दावा करायला युरोपात परवानगी आहे. शुगर बरी करतं असं कुठलंही सरकार म्हणत नाही. इन्युलिन स्वतः रक्तातली साखर वाढवत नाही, त्यामुळं साखरेच्या जागी आलं तर फायदाच. पण वरून घातलं म्हणून आधीची साखर उतरेल असं होत नाही.

आणि वायू धरतो. जिवाणू खातात म्हणजे गॅस होणारच. ज्यांचं पोट आधीच नाजूक, सारखं फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांना कांदा-लसूण सोसत नाही त्याचं कारणही बऱ्याचदा याच माळा. त्यांनी इन्युलिनचा डबा आणून पैसे देऊन पोट फुगवून घेऊ नये.

इसबगोल, मेथी, गवार : पाण्यात फुगणारी मंडळी

सगळ्यांत जास्त पुरावा मागं उभा असलेला पदार्थ कोणता विचारलात तर मी इसबगोल सांगेन. हे पीक आपल्याकडं फार नाही. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशात रब्बीत घेतात, आणि उंझ्याची बाजारपेठ त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. काढणीला आलेल्या इसबगोलावर पाऊस पडला की बी झडतं आणि सगळं पीक जातं. द्राक्षवाल्याला अवकाळीची जशी धास्ती, तशीच त्यांनाही. बियाच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा भुसा निघतो आणि खरी किंमत त्याचीच.

हा भुसा पाण्यात घातला की फुगून लगदा होतो. हाच लगदा पोटात जेवणाबरोबर मिसळतो, स्टार्च आणि कात्री यांच्यामध्ये येतो, आणि साखर रक्तात जायचा वेग मंदावतो. कोलेस्टेरॉलवरही त्याचा परिणाम आहे. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं १९९८ मध्ये इसबगोलाच्या भुशाला हृदयाच्या आरोग्याचा दावा करायला परवानगी दिली, त्यात दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारं फायबर ही मात्रा आहे. म्हणजे भुसा साधारण दहा ग्रॅम, दोन-तीन वेळात विभागून. साधा बिनचवीचा भुसा घ्या. चवीच्या पुडीत साखर घातलेली असते, मग घेऊन उपयोग काय?

पण पाणी! भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं करू नका. ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्या आणि वर आणखी पाणी घ्या. कोरडा भुसा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, अशा म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गवारीच्या डिंकाच्या, म्हणजे ग्वार गमच्या गोळ्या वजन कमी करायला म्हणून अमेरिकेत विकल्या जायच्या. त्या घशात-अन्ननलिकेत फुगून माणसं दवाखान्यात गेली, तेव्हा १९९० च्या सुमारास त्या बंद कराव्या लागल्या.

गवारीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्वार गम आपल्या भाजीच्या गवारीच्याच पिकाच्या बियांतून निघतं. मुख्य पीक राजस्थानात. आइस्क्रीम, सॉस घट्ट करायला ते लागतं. पण २०११-१२ मध्ये अमेरिकेत जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढायला या गमची प्रचंड मागणी आली, आणि गवार बियाचा भाव क्विंटलला तीस हजारांच्या आसपास गेला. वायदे बाजार थांबवावा लागला. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी गवार पेरली आणि पुढं भाव कोसळला. कांदेवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मेथीच्या दाण्यात गवारीच्याच जातीची माळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथी आणि मधुमेहावर फार पूर्वी अभ्यास झालेले आहेत, आणि जेवणानंतरची साखर कमी चढते असं त्यात दिसलं. पण तिथं मात्रा मोठी होती, २५ ग्रॅम आणि त्याच्याही वर. रात्री चमचाभर दाणे भिजवून सकाळी नुसतं पाणी पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दाणे टाकून दिले तर फायबरचा बहुतेक भाग टाकून दिला. दाणे चावून खा किंवा पीठ करून भाकरीत घाला. गरोदर बायांनी मात्र भाजी-फोडणीपेक्षा जास्त मेथीदाणे घेऊ नयेत.

डिंक आणि चिंचोके

डिंक हाही पॉलिसॅकराइडच. बाभळीचा, धावड्याचा, कडायाचा. सगळे एक नाहीत. बाभळीचा पाण्यात विरघळतो, कडायाचा विरघळण्यापेक्षा फुगतो जास्त. जगात ‘गम अरेबिक’ म्हणून जो मोठा व्यापार चालतो तो मुख्यतः सुदानच्या खैरवर्गीय झाडाचा, आणि तो थंड पेयांपासून गोळ्या-चॉकलेटपर्यंत सगळीकडं असतो. फायबर म्हणून डिंक चांगला. पण आपल्याकडं डिंक पोटात जातो लाडवातून, आणि लाडवात गूळ किती असतो ते करणारीला विचारा. बाळंतिणीला ते ठीक, तिला ताकद पाहिजे. शुगर असलेल्या आजोबांनी ‘डिंक औषधी असतो’ म्हणत सूनबाईच्या डब्यातले रोज दोन लाडू उचलायचे, हे ठीक नाही.

चिंचोक्याची मात्र कीव येते. नगरच्या बाजारात चिंचेची एवढी आवक होते. चिंच फोडून दिली की बाईला किलोवर मजुरी मिळते आणि चिंचोका वेगळा जातो. त्याच्या पांढऱ्या गरातली माळ कापडाच्या सुताला खळ द्यायला वापरतात, हे जुनं. पण जपानात तीच शुद्ध करून कित्येक वर्षं खाण्याच्या पदार्थात घट्टपणासाठी वापरतात, आणि डोळ्यांच्या कोरडेपणाच्या थेंबांतही ती असते. आपण लहानपणी भाजून खाल्ले आणि सारीपाटाला वापरले, एवढाच आपला संबंध.

असंच काही लावून पैसे होतील का, हा प्रश्न शेतकरी मित्र विचारतात. स्टीव्हियाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. स्टीव्हियाची गोडी ना साखरेची ना पॉलिसॅकराइडची, तो तिसराच पदार्थ आहे, आणि त्यानं रक्तातली साखर वाढत नाही हेही खरं. पण पान आणि पाकीट यांच्यामध्ये शुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. तो जवळ नसेल तर पान घेणार कोण? कोरफडीचंही तेच झालं. रोपं विकायला येणारा आणि माल घ्यायला येणारा एकच असेल, तर आधी त्याचा कारखाना जाऊन बघा, करार कागदावर घ्या, आणि मागच्या वर्षी ज्याचा माल घेतला त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन विचारा.

ज्वारीचं थोडक्यात. भाकरीत फायबर आहे, चपातीपेक्षा पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं, पण ती मुळात स्टार्चच आहे. तीन भाकरीची एक केली तर साखर उतरेल. चपातीच्या जागी तीन भाकरी खाल्ल्या तर नाही. शिळ्या भाकरीत आणि गार भातात थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होऊन न पचणारा होतो हे खरं आहे, पण तो फरक थोडा आहे. त्याच्या नावावर जास्तीची भाकरी मागू नका.

गोळ्या चालू असतील तर

इसबगोल, मेथी, ग्वार गम यातलं काहीही रोज सुरू करायचं असेल तर डॉक्टरांना सांगा. ही मंडळी औषधही लगद्यात धरून ठेवतात, म्हणून गोळी आणि फायबर यात दोनेक तासांचं अंतर ठेवतात. मेथीनं साखर थोडी उतरली आणि गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. थरथर, घाम, भूक, डोळ्यापुढं अंधारी, बडबडल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. रानात पाणी धरताना रात्री हे झालं तर जवळ कोणी नसतं.

अशा वेळी फायबर कामाचं नाही आणि साखर नसलेलं बिस्कीट तर अजिबात नाही. तेव्हा तीच तुटणारी साखर पाहिजे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, किंवा तेवढाच गूळ. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

यात एक बारीक गोष्ट आहे. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस नावाची गोळी पुष्कळ जणांना जेवणाबरोबर दिलेली असते. ती गोळी साखर आणि स्टार्च कापणारी कात्रीच बोथट करते. ही गोळी चालू असलेल्या माणसाची साखर दुसऱ्या औषधानं खाली गेली, तर साखर किंवा गूळ लवकर काम करत नाही, कारण जोडी तुटायलाच वेळ लागतो. त्याला सुटा मणीच द्यावा लागतो, म्हणजे मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव आज बघून घ्या, आणि ते यातलं असेल तर ग्लुकोजची एक पुडी मोटारीच्या खोलीत आणि एक खिशात ठेवा.